ऐनवेळचा विषय

हिवरवाडी, ता. गेवराई
२ फेब्रुवारी २०१६

ती. आक्का,
शहादूचा सप्रेम जयभीम.

फोनवर माझं नाव दिसलं की तू कापतेस, हे मला आता पाठ झालंय. म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला लिहिलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवता येत नाही, एवढं तुझ्या भावाला माहीत आहे. लाल पेनाने चुका काढायच्या असतील तर खुशाल काढ. पण वाच.

आम्ही सगळे बरे आहोत. मिलिंद आणि सूनबाई वैशाली दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर. आमू माझ्याजवळ. ती आता सहावीत आहे आणि उंचीने माझ्या खांद्याला लागली. गणितात वर्गात पहिली येते. तो गुण माझ्याकडून आला असं म्हणायला काही जागाच नाही, तेव्हा तुझाच असणार.

पाण्याचं विचारू नकोस. गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, टँकर तिसऱ्या दिवशी येतो. आपल्या दूध संस्थेत एके काळी सकाळचं तीनशे लिटर यायचं, आज एकसष्ट आलं. अर्धी जनावरं चारा छावणीत आहेत, बाकीची बाजारात गेली. तीस वर्षं मी ह्या संस्थेचा सचिव आहे. सुरुवातीला गावाला माझ्या हातचं मोजमाप चालायचं आणि माझ्या हातचा चहा चालायचा नाही, ते दिवसही पाहिले. पण संकलनाची खोली इतकी गप्प कधी पाहिली नव्हती.

आता कामाचं. आमूचा वरचा उजवा पुढचा दात अजून आलेला नाही. तिला बारावं संपून चार महिने झाले. डावा केव्हाच आला, त्याच्या शेजारी खिंडार तसंच आहे. पोरगी हसताना तोंडावर हात धरते, बोलतानाही धरते. गॅदरिंगमध्ये बाईंनी सूत्रसंचालन करायला सांगितलं तर ताप आला म्हणून घरी बसली. ताप कसला, कपाळ माझ्या कपाळापेक्षा गार होतं.

बीडला एका दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी अख्ख्या जबड्याचा एक सपाट फोटो काढला आणि म्हणाले, दात वर हाडात अडकलाय, नीट दिसत नाही, कापून काढून टाकू, मोठी झाली की खोटा बसवू. मी हो म्हणून आलोसुद्धा. मग शाळेत दात तपासायचं शिबिर झालं. त्यात औरंगाबादच्या दातांच्या कॉलेजातली एक डॉक्टरीण आली होती, शिवकन्या नाव, मूळची माजलगावकडची. ती म्हणाली, काढायची घाई करू नका, आधी सगळ्या बाजूंनी दिसेल असा फोटो काढू, मग ठरवू.

वीस तारखेला औरंगाबादला जायचंय. आमू म्हणते, आक्काआजी सोबत पाहिजे. मी म्हटलं, विचारतो. तर हे विचारलं.

झालं गेलं ते आता सोड. माणूस रागाच्या भरात बोलून जातो काहीतरी.

तुझा धाकटा,
शहादू


हिवरवाडी
२२ फेब्रुवारी २०१६

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

तू आली नाहीस आणि उत्तरही आलं नाही. तरी लिहितो, कारण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लहानपणापासूनची खोड आहे. ओढ्यात कासव दिसलं तरी तुलाच ओढत न्यायचो.

आमूला एका यंत्रापुढे उभं केलं. हनुवटी एका पट्टीवर टेकवली, दाताखाली एक काडी दिली. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती एकदा फिरला आणि झालं. मला वाटलं आता खरं काम सुरू होईल. तर डॉक्टरीण म्हणाली, "चला आबा, बघायला."

कॉम्प्युटरवर आमूची कवटी होती. अशी फिरवली की कान, तशी फिरवली की टाळू. नातीची कवटी पाहिली आक्का, आणि काय सांगू, मला तीसुद्धा गोडच वाटली.

डॉक्टरणीने आधी बीडचा सपाट फोटो शेजारी लावला. त्यात तो दात नुसता पांढरा गोल ठिपका दिसत होता. ती म्हणाली, पेन्सिल टोकाकडून पाहिली तर ठिपकाच दिसणार, ती लांब किती अन् तिचं तोंड कुणीकडं, कसं कळणार? मग नव्या फोटोच्या कांद्यासारख्या चकत्या करत गेली आणि एका चकतीत दात अख्खा सापडला. वरच्या ओठाच्या मागे, हाडात, नाकाकडे तोंड करून आडवा पडलेला. चांगला भरदार, शेजारच्या डाव्या दाताएवढा. फक्त त्याचं मूळ सुरू होतं तिथेच वाकलेलं आहे, ठोकताना चुकलेल्या खिळ्यासारखं.

ती म्हणाली, काढायचा नाही. आधी तारा बसवून त्याच्यासाठी जागा करायची. मग हिरडी थोडी उघडून दाताला एक बटण चिकटवायचं, बटणाला बारीक साखळी, आणि ती दर महिन्याला हळूहळू ओढायची. पण कुठून उघडायचं आणि कुणीकडे ओढायचं, हे ह्या फोटोवरून ठरणार. आंधळेपणाने सरळ खाली ओढला असता तर शेजारच्या दाताच्या मुळावर घासला असता. म्हणून आधी पुढे, ओठाच्या बाजूला, आणि मग खाली. साखळी सोन्याची असते हे ऐकून आमूने पहिल्यांदा तोंडावरचा हात काढला आणि विचारलं, "खऱ्या सोन्याची?"

मग डॉक्टरणीने विचारलं, लहानपणी तोंडाला मार लागला होता का. मी ताडकन सांगितलं, सातव्या वर्षी मे महिन्यात धर्मापुरीला तुझ्याकडे गेली होती, तिथे जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर पडली, पुढचे दोन्ही दुधाचे दात पडले.

तिने मान हलवली. "सातव्या वर्षी नाही, आबा. दात आधी डोकं तयार करतो, मग मूळ. हिच्या दाताचं डोकं पूर्ण झालंय आणि मूळ धरायला लागलं तिथंच वाक आहे. म्हणजे चार-सव्वाचार वर्षांची असताना मार बसलाय. पायऱ्यांवर पडली तेव्हा हा दात आत असाच वाकडा पडून होता. दुधाचे दात त्या वयात हलतच असतात, ते पडले इतकंच."

तर आक्का, तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहितो. त्या पायऱ्यांचा ह्यात काही संबंध नाही. चार वर्षांची असताना काय झालं होतं, असं तिने पुढे विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. लेकरं पडतच असतात. म्हणजे आता कुणाचाच दोष नाही असं धरायला हरकत नसावी.

तारा बसवल्या आहेत. आमूला भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून देतो. निदान दुधाच्या घरात तेवढी सोय आहे.

तुझा,
शहादू


हिवरवाडी
१४ मार्च २०१६

ती. आक्का,
जयभीम.

उत्तर नाही. ठीक आहे. मीही उत्तराच्या लायकीचं काही लिहिलं नव्हतं.

हिरडी उघडायची तारीख वीस एप्रिल ठरली आहे आणि आमूने काल जाहीर केलं, "आबा, आक्काआजी आली तरच म्या तोंड उघडणार हाय. न्हाई तर न्हाई." मी म्हटलं, अगं, डॉक्टरीण चांगली आहे. तर म्हणते, "ती चांगली हाय. पर आजी सतराचा पाढा म्हणून घेती, मंग दुखत न्हाई." तू तिची गुंता झालेली वेणी विंचरताना पाढे म्हणवून घ्यायचीस, ते तिने पाच वर्षं धरून ठेवलंय.

तिने पुढे विचारलं, "आजी कावून येत न्हाई आपल्याकडं?" मी छावणीत काम आहे म्हणून उठून गेलो. छावणीत माझं काहीही काम नव्हतं. माणिकरावांच्या बैलाशेजारी अर्धा तास उभा राहिलो.

आज डॉक्टरणीचा फोन आला. म्हणाली, "आबा, पुन्हा विचारते, राग मानू नका. जोराचा मार असेल तर दात कधी कधी हाडाला चिकटून बसतो, मग कितीही ओढा, हलत नाही. कसा लागला, किती आत गेला, हे मला माहीत असेल तर मी तयारीत राहीन. फोटो सांगतो मार कधी बसला. कसा बसला ते माणसानंच सांगायचं असतं."

तिला सांगितलं. आता तुला सांगतो. खरं म्हणजे तुला आधी सांगायला हवं होतं.

२००८ चा जानेवारी. मिलिंद आणि वैशाली असेच तोडीला गेले होते. आमू सव्वाचार वर्षांची, बालवाडीत जायची. वैशालीने निघताना एकच गोष्ट बजावली होती, "मामा, लेकराला दुधाच्या गाडीवर घेऊ नका." मी हो म्हणालो होतो. तुला माझी दुधाची एम-एटी गाडी आठवते. मागे दोन्ही बाजूंना दोन मोठे कॅन, पुढे पायाशी लहान कॅन. रोज सकाळी मी त्या लहान कॅनवर आमूला बसवायचो. तिला आवडायचं, ती हॉर्न वाजवायची, आणि मलाही आवडायचं. सगळ्या गावाला वाटायचं काय थाटात चाललेत आजोबा.

त्या दिवशी उशीर झाला होता. हमरस्त्यावर दुधाचा टेम्पो सुटायच्या बेतात होता. मी गाडी पळवली. वळणावर शेळी आडवी आली, ब्रेक दाबला, आणि आमूचं तोंड हँडलवर आपटलं. पुढचा दुधाचा दात अर्धा हिरडीत घुसला. रक्त आलं. मी ते गमछाने पुसलं, तिला रस्त्याच्या कडेला बसवलं, आणि आक्का, मी आधी दूध टेम्पोत चढवलं. तिन्ही कॅन. मग पोरीकडे पाहिलं. आठ वर्षं झाली, शेळी मला आठवत नाही, पण तिन्ही कॅन चढवल्याचं आठवतं.

दोन महिन्यांत तो दात आपसूक खाली आला. थोडा काळा पडला होता. वैशालीला सांगितलं, गोळ्या खाऊन किडला. खरं सांगितलं असतं तर तिने पुढच्या साली लेकरू बरोबर उसाच्या फडात नेलं असतं आणि शाळा सुटली असती. हे कारण खरं आहे. पण सगळं कारण एवढंच नव्हतं. मला भीती वाटली, हेही होतं.

मग २०११ चा जून. तू आमूला धर्मापुरीहून घेऊन आलीस, तिचा ओठ सुजलेला. संस्थेची सर्वसाधारण सभा चालू होती आणि तू एस.टी.तून उतरून सरळ तिथेच आलीस, मला आधी कळावं म्हणून. लपवायचं तुझ्या मनातही आलं नाही. तिथे सत्तर-ऐंशी सभासदांपुढे मी तुला काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे. "पोर सांभाळता येत न्हाई तर नेलीस कावून?" आणि त्यानंतरचं एक वाक्य. ते लिहायला हात होत नाही. पुढे दात आलाच नाही तेव्हा अख्खं गाव म्हणायला लागलं, आक्कानं पाडली. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मला ते सोयीचं होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, झालं गेलं सोड. ते मागे घेतो. सोडायचं की नाही हे तू ठरवायचं.

शहादू


हिवरवाडी
४ एप्रिल २०१६

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. उसालाच पाणी नव्हतं. मिलिंद आणि वैशाली गुरुवारी आले. त्याच दुपारी दोघांना सगळं सांगितलं. मिलिंद बाहेर निघून गेला. वैशाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट मात्र वेळेवर वाढत होती. काल सकाळी एवढंच म्हणाली, "मामा, आत्यांना मी बी मनात लई बोलले हाय. ते कसं फिटंल?" मी म्हटलं, तुझंही माझ्याच नावावर लाव.

काल रविवारी संस्थेची विशेष सभा होती. दूध इतकं घटलंय की टेम्पो आपल्या गावाला यायचं बंद करायला निघालाय. शेजारच्या गावाच्या संस्थेबरोबर एकत्र संकलन करायचं, पाऊसकाळापर्यंत संस्था जिवंत ठेवायची, असं ठरलं. त्यावर दोन तास भांडणं झाली. मग शेवटचा विषय आला, जो दर सभेत असतो आणि ज्यावर कधी कुणी बोलत नाही. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.

मी उठलो. म्हटलं, "अध्यक्ष, एक विषय हाय."

गाडीपासून सगळं सांगितलं. अध्यक्ष माणिकरावांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "शहादेवराव, हे संस्थेच्या कामकाजात बसत न्हाई. घरची गोष्ट हाय."

मी म्हटलं, "म्हागं ह्याच सभेत बोललो व्हतो, तवा बसलं व्हतं. कुणी म्हणलं न्हाई का घरची हाय म्हणून."

मी आमूच्या फोटोचा कागद काढला आणि सभेत फिरवला. दोन म्हशींच्या मालकापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी माझ्या नातीचा दात हातात धरून पाहिला. कुणी कागद उलटा धरला, त्याला सुलटा करून दिला. वाक कुठे आहे, त्यावरून वय कसं कळतं, जसं डॉक्टरणीने सांगितलं तसं सांगितलं. हरिबा म्हणाला, "म्हंजी जनावराचं वय दातावरनं सांगत्यात, तसंच की." म्हटलं, तसंच.

ठराव मांडला. आता अनुमोदक पाहिजे. कुणी उठेना. शेवटी मागून पारूबाई उठली, तीच तुझी लहानपणची मैत्रीण, जिच्या घरी तुझं शाळेचं दप्तर असायचं. ती मला म्हणाली, "बाप्या, त्या दिशी म्या तितंच बसलेली व्हते. तुझी बहीण भिमी नुसती पोरीच्या केसावरनं हात फिरवत व्हती. माझं अनुमोदन घे."

प्रत सोबत जोडली आहे. तुला पत्रच आधी वाचायची सवय आहे, म्हणून इथेही उतरवतो.

*ठराव क्र. ७. संस्थेचे सचिव श्री. शहादेव यांनी सभेस माहिती दिली की, दि. १२ जून २०११ रोजीच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी आपली थोरली बहीण श्रीमती भिमाबाई यांना उपस्थित सभासदांसमक्ष दिलेला दोष खोटा होता. कु. आम्रपाली हिच्या दातास इजा जानेवारी २००८ मध्ये सचिवांच्या गाडीवर झाली व ती बाब सचिवांनी आठ वर्षे लपवून ठेवली. औरंगाबाद येथे काढलेला फोटो सभेपुढे ठेवण्यात आला व सभासदांनी तो पाहिला. सबब श्रीमती भिमाबाई यांचेवर कोणताही ठपका नाही, असे ही सभा ठरवते. सूचक : शहादेव. अनुमोदक : पारूबाई. सर्वानुमते मंजूर.*

लिहून झाल्यावर पारूबाई म्हणाली, "त्यो दुसरा सबद बी घे की त्यात." मी म्हटलं, त्याचा ठराव होत नाही.

तो इथे लिहितो, तुझ्या एकटीपुढे. मी म्हणालो होतो, "पोटी लेकरू असतं तर कळलं असतं." हे मी त्या बाईला म्हणालो जिने आई गेल्यावर मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं, फळ्याखाली बसवलं, आणि आपली भाकर मला देऊन जेवले म्हणून सांगितलं. आक्का, मी तुझंच लेकरू होतो. हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

ये, असं म्हणत नाही. एकोणीस तारखेला आमू स्टँडवर जाणार म्हणते. तिला मी अडवलं नाही.

शहादू


(पोस्टकार्ड)

धर्मापुरी
११ एप्रिल २०१६

चि. शहादू,
जयभीम.

चारही पत्रं मिळाली. ठराव वाचला. मसुदा बरा केलास.

तू बोललास त्याचा राग केव्हाच गेला असता. पण मी ते खरं धरलं होतं. पाच वर्षं मी त्या पायऱ्यांकडे फिरकले नाही. घरची शिकवणी बंद केली, दुसऱ्याचं लेकरू आपल्या हातात नको म्हणून. फोन रागाने कापत नव्हते. बोलले असते तर दात आला का, असं विचारावं लागलं असतं.

एकोणीसला दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर तू येऊ नकोस, आमूलाच पाठव. तुझं तोंड पाहून मला रडू येईल आणि मला ते स्टँडवर नको.

इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करावं लागतं, हे सचिवाला मी सांगायला नको.

आक्का


हिवरवाडी
२६ सप्टेंबर २०१६

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

पोहोचलीस ना? पुलावरून पाणी जात होतं म्हणून काल तुझी गाडी गेवराईला दोन तास थांबली, असं कंडक्टरकडून कळलं. पाणी नव्हतं तेव्हाही तू अडकलेली आणि आलं तेव्हाही अडकलेली. डब्यातल्या पोळ्या खाल्ल्यास का? वैशालीने विचारायला सांगितलं आहे.

आज सकाळी डॉक्टरणीला फोन केला. ती खूश आहे. एप्रिलमध्ये तू आत आमूचे पाय धरून उभी होतीस आणि मी बाहेर बाकावर. दाराआडून सतराचा पाढा ऐकू येत होता, हळूहळू, तोंडात कापूस धरल्यासारखा. सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत तुम्ही दोघी आलात आणि दार उघडलं. साखळी बसली होती. नंतर तीन महिने दात हलला नाही तेव्हा मी काय काय मनात आणलं ते तुला सांगितलं नव्हतं. वाटलं, चिकटला हाडाला. आपण तेव्हा कॅन चढवले त्याची ही वसुली. मग जुलैच्या शेवटी नवा फोटो काढला, जुना शेजारी लावला, आणि डॉक्टरीण म्हणाली, "आबा, फिरलाय." नाकाकडे असलेलं तोंड पुढे आलं होतं. मूळ वाकडंच राहणार आणि पुढे कदाचित त्याचं काही करावं लागेल, हेही तिने सांगितलं. ते पुढचं पुढे पाहू.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला निघताना एक गोष्ट सांगायची राहिली. मुद्दामच सांगितली नाही, माझा आवाज नीट राहिला नसता.

परवाच्या वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला मी उभा राहिलो. सहा ठराव वाचले. सातव्याला दोन ओळी गेल्या आणि मला पुढचं वाचता येईना. तू पुढच्या रांगेतून उठलीस, माझ्या हातातलं रजिस्टर घेतलंस आणि उरलेला ठराव शाळेत वाचावा तसा खणखणीत वाचलास, स्वतःच्या नावासकट. वाचून झाल्यावर म्हणालीस, "कायम करायचं का? हात वर करा." सचिवाचं काम तू केलंस आणि तुला अडवायची माणिकरावांची हिंमत झाली नाही.

तू रजिस्टरात बघत होतीस. म्हणून तुला दिसलं नाही, मला दिसलं.

सगळ्यांचे हात वर गेले. पारूबाईचा सगळ्यात आधी. मागे दाराशी आमू उभी होती, वैशालीला चिकटून, नेहमीसारखा तोंडावर हात धरून. ती सभासद नाही, तिला मत नाही. तिने तुझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. तोंडावरचाच. ती हसत होती आक्का, पूर्ण तोंड उघडून, इतक्या माणसांपुढे. तारेच्या आणि साखळीच्या मध्ये हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसत होतं.

ठराव कायम झाल्याची नोंद काल केली. उपस्थित सभासद अठ्ठावन्न, बाजूने हात एकोणसाठ. माणिकराव म्हणाले, एक जास्त होतोय, मोजणी चुकली. मी म्हटलं, चुकली नाही, तसंच राहू द्या.

तुझा,
शहादू